वल्हांडणाची रात्र

घरातून कोणी दूरच्या प्रवासास निघाले की त्याच्या हातावर दही घालावे, देवापुढे नारळ ठेवावा आणि सोबत शिदोरी बांधून द्यावी, ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. जाणारा परत येणार नसेल, तर निघण्याच्या आदल्या रात्री सारे कुटुंब एका पंगतीला बसते. पंगतीत आवडीचे पदार्थ असतात, पण जेवणाकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. अशा निरोपाच्या पंगती जगातील सर्वच समाजांत होत आल्या आहेत. बहुतेक पंगतींची आठवण त्या घरापुरती उरते आणि दोन पिढ्यांत पुसली जाते. मात्र एका पंगतीची आठवण दोन हजारांहून अधिक वर्षे दरवर्षी, ठरलेल्या रात्री, ठरलेल्या पदार्थांसह जागविली जात आहे. ही ज्यू लोकांची पंगत होय. हिब्रू भाषेत या सणाला पेसाह म्हणतात. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘वल्हांडण’ हा शब्द योजिला. वल्हांडणे म्हणजे ओलांडून जाणे. मृत्यूचा दूत ज्या घरांवरून ओलांडून गेला त्या घरांचा हा सण, असा त्या नावाचा अर्थ आहे.

या पंगतीचे वर्णन बायबलातील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात आले आहे. इस्रायलचे वंशज मिसर देशात फारोच्या दास्यात होते. ज्या रात्री ते तेथून बाहेर पडणार होते, त्या रात्रीसाठी मोशेने त्यांना तपशीलवार आज्ञा दिल्या. महिन्याच्या दहाव्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने एक वर्षाचे, निर्दोष असे नर कोकरू किंवा करडू निवडावयाचे. चौदाव्या दिवसापर्यंत ते सांभाळून त्या दिवशी सायंकाळी त्याचा वध करावयाचा. त्याचे रक्त दाराच्या दोन्ही चौकटींना व वरच्या पट्टीला लावावयाचे. मांस कच्चे खावयाचे नाही आणि पाण्यात शिजवावयाचेही नाही. डोके, पाय व आतडी यांसह ते संपूर्ण विस्तवावर भाजावयाचे आणि बेखमीर भाकरी व कडू भाजी यांच्याबरोबर खावयाचे. हाड मोडावयाचे नाही. सकाळपर्यंत काही उरवावयाचे नाही आणि उरलेच तर जाळून टाकावयाचे.

यांतील प्रत्येक आज्ञेला धर्मशास्त्राने पुढे अनेक अर्थ दिले. परंतु प्रवासाला निघालेल्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांतील व्यवहारही सहज ध्यानात येतो. मांस शिजवावयाचे तर भांडी हवीत, पाणी हवे आणि वेळही हवा. भाजण्यास विस्तव पुरतो. कणीक आंबण्याची वाट पाहण्यास सवड नाही, म्हणून भाकरी बेखमीर. सकाळी घर सोडावयाचे आहे, म्हणून मागे काही ठेवावयाचे नाही. जेवणाऱ्याने कसे बसावे हेही सांगितले आहे: कंबर कसलेली, पायांत वहाणा, हातात काठी आणि जेवण घाईघाईने. घरातील माणसे थोडी असतील आणि एक कोकरू त्यांना जास्त होत असेल, तर शेजारच्या घराला सामील करून घ्यावे, अशीही त्यात सोय आहे. देश सोडण्याच्या त्या रात्रीही कोणाला एकट्याने जेवावे लागू नये, ही काळजी त्या आज्ञेत दिसून येते.

ही घटना इतिहासात नेमकी कशी व केव्हा घडली, याविषयी विद्वानांत एकमत नाही. मिसर देशाच्या कोरीव लेखांत या निर्गमनाचा वृत्तांत सापडलेला नाही. इस्रायल हे नाव तेथे प्रथम दिसते ते फारो मर्नेप्ता याच्या शिलालेखात. हा लेख इसवी सनापूर्वी १२०८ च्या सुमाराचा असून त्यात इस्रायल हे कनान प्रदेशातील एका जनसमूहाचे नाव आहे. पण घटनेविषयी वाद असला तरी सणाच्या प्राचीनतेविषयी तो नाही. मिसर देशातच, आस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावर, इराणी सम्राटांच्या पदरी असलेल्या ज्यू शिपायांची वसाहत होती. तेथे सापडलेल्या अरामी भाषेतील पत्रांत इसवी सनापूर्वी ४१९ चे एक पत्र आहे. हनन्या नावाच्या गृहस्थाने त्यात बेखमीर भाकरीचा सण कसा पाळावा याविषयी आपल्या बांधवांना सूचना दिल्या आहेत. ज्या देशातून पूर्वज बाहेर पडले त्याच देशात राहून वंशजांनी त्या निर्गमनाचा सण पाळावा, हा इतिहासातील एक चमत्कारिक योग म्हटला पाहिजे.

जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर ही घरगुती पंगत एका मोठ्या यात्रेचे रूप घेत असे. दूरदूरच्या गावांतून कुटुंबे जेरुसलेमला येत, मंदिरात कोकराचा बळी देत आणि मग नगरात ठिकठिकाणी जमून ते भाजून खात. ते कसे भाजावे याचेही नियम होते. मिश्ना या धर्मग्रंथात सांगितले आहे की, कोकरू डाळिंबाच्या लाकडाच्या सळईवर भाजावे, लोखंडाच्या सळईवर नव्हे. लोखंड तापते आणि मांस आतून त्या तापलेल्या धातूने भाजले जाते. आज्ञा मात्र विस्तवावर भाजण्याची आहे. सन ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि बळी देण्याचे स्थानच नाहीसे झाले. तेव्हापासून ज्यूंच्या ताटात भाजलेल्या कोकराऐवजी एक भाजलेले हाड तेवढे ठेवण्यात येऊ लागले. बळीची जागा आठवणीने घेतली आणि निर्गमनाची कथा मुलाबाळांना सांगणे हाच त्या रात्रीचा मुख्य विधी ठरला. ही कथा ज्या पोथीत ग्रथित आहे तिला हग्गादा म्हणतात. घरातील लहान मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारी माणसे उत्तर देतात, अशी तिची रचना आहे.

जुन्या पद्धतीने कोकरू भाजण्याची चाल एका लहानशा समाजाने मात्र सोडली नाही. तो समाज शोमरोनी लोकांचा. त्यांची संख्या आज हजाराच्या आत आहे. नाब्लुस शहराजवळच्या गरिझीम डोंगरावर दरवर्षी हा समाज एकत्र जमतो. सूर्यास्ताच्या वेळी कोकरे कापली जातात. ती सोलून, मीठ लावून लाकडी दांड्यांवर चढवितात आणि जमिनीत खोदलेल्या, निखाऱ्यांनी धगधगणाऱ्या खोल खड्ड्यांत उभी सोडतात. मग खड्ड्यांची तोंडे मातीने लिंपून बंद करतात. मध्यरात्रीच्या सुमारास ती उघडून सारी कुटुंबे मांस खातात आणि जे उरते ते विस्तवात टाकतात.

या सणाची एक शाखा कोकणच्या किनाऱ्यावर रुजली. अलिबागजवळ नवगाव म्हणून गाव आहे. तेथील समुद्रात फार पूर्वी एक गलबत फुटले, त्यातील सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि बुडालेल्यांना नवगावच्या किनाऱ्यावर पुरण्यात आले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील असावी, असे त्यांच्यापैकी काही जण मानतात. इतरांची मते निराळी आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियातील ज्यूंचा व भारतीयांचा असे दोन्ही वंशप्रवाह मिसळलेले आढळले. त्यामुळे दूरच्या मूळस्थानाच्या परंपरेला काही आधार मिळाला आहे.

वाचलेल्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले, असे परंपरा सांगते. हिब्रू भाषा विसरली गेली. उरले ते शनिवारचा विसावा, सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि एक ‘शेमा’ची प्रार्थना. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ते मराठी बोलू लागले आणि गावांवरून त्यांनी आडनावे घेतली: केहिमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर. त्यांच्या सणांनाही मराठी नावे मिळाली. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण अशी ती नावे आहेत. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक ज्या दिवशी करावयाचा, त्या दिवशी वालाचे बिरडे खावयाचे, म्हणून तो बिरड्याचा सण. वल्हांडणाचे नाव होते अनाशी ढाकायचा सण. अनाशी म्हणजे तोंडीलावण्यासाठी आंबट द्रव साठविण्याचे भांडे. त्या दिवसांत ते झाकून ठेवावयाचे. आंबलेल्या पदार्थाला घरात थारा देऊ नये, ही मूळ आज्ञा. आज्ञेचे कारण विस्मृतीत गेले, पण झाकलेले भांडे शिल्लक राहिले.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत ही विस्मृती ओसरू लागली. कोचीनच्या ज्यूंनी त्यांना धर्माचरणाचे शिक्षण दिले. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळांतून समाजातील मुले हिब्रू शिकली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, परंतु ही मुले त्या विद्येच्या बळावर आपल्याच धर्माकडे वळली. पुढे हग्गादा मराठीत आली. १८७४ मध्ये पुण्यास छापलेल्या हग्गादेत हिब्रू मजकूर व मराठी भाषांतर एकत्र आहेत आणि चित्रेही आहेत. त्यांतील एका चित्रात लुगडी नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करीत आहेत. फारोच्या मिसर देशातून निघालेली कथा पुण्याच्या छापखान्यात पोहोचली, तेव्हा ती कोकणच्या माजघरात बसलेली होती.

बेने इस्रायल घरांतील वल्हांडणाची तयारी कोणत्याही मराठी घराला परकी वाटणार नाही. घराला रंगसफेती करावयाची, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावावयाची, धान्य निवडून ठेवावयाचे. द्राक्षाचा मद्यार्क मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत करीत आणि त्यावर आशीर्वादाचे मंत्र म्हणत. विटा बनविताना पूर्वजांनी तुडविलेल्या चिखलाची आठवण म्हणून ताटात एक गोड लगदा ठेवण्याची ज्यूंची चाल आहे. अन्यत्र तो फळे व सुकामेवा यांचा करतात. कोकणात तो खजूर शिजवून केला जाई. पंगत मांडली की पोथी वाचावयाची, भुकेल्यांना जेवणास बोलवावयाचे आणि शेवटी पुढील वर्षी जेरुसलेमात असावे अशी इच्छा प्रकट करावयाची. ही इच्छा ज्यू लोक जगाच्या पाठीवर सर्वत्र करीत आले. मराठी बोलणाऱ्या या समाजाच्या तोंडी ती येई तेव्हा बाहेर नारळीच्या झावळ्या सळसळत असत आणि उद्या कचेरीत किंवा घाण्यावर जावयाचे असे.

या वाक्याला १९४८ मध्ये निराळाच अर्थ प्राप्त झाला. त्या वर्षी मे महिन्यात इस्रायल हे राष्ट्र स्थापन झाले आणि १९५० मध्ये तेथील परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यूला तेथे येऊन राहण्याचा हक्क दिला. त्या सुमारास बेने इस्रायल समाज विसेक हजारांचा होता. त्याचे तरुण तेव्हा रेल्वे, टपाल, जकात, लष्कर व शाळा यांत नोकरीस होते. समाजाने मुंबईला डॉ. ई. मोझेस यांच्यासारखे महापौर दिले होते. पुढे निसीम इझिकेल यांच्यासारखा इंग्रजीतील नामवंत कवीही याच समाजात निपजला. भारतात ज्यू म्हणून त्यांचा कोणी छळ केला नव्हता. दाराच्या चौकटीला रक्ताची खूण करण्याची वेळ त्यांच्यावर कधीच आली नव्हती.

म्हणूनच त्यांच्या निर्गमनाचा प्रश्न अवघड आहे. मिसर देशातून निघणाऱ्याला मागे वळून पाहण्याचे कारण नव्हते. त्याच्या पाठीशी दास्य होते. कोकण व मुंबई सोडणाऱ्याच्या पाठीशी शेजार होता. तरीही तो निघाला. धर्माची ओढ हे एक कारण होते. इंग्रजी राजवट गेल्यानंतर ठरावीक खात्यांतील नोकऱ्यांची पूर्वीची शाश्वती राहील की नाही, ही शंका दुसरे कारण होते. एक भाऊ गेला की दुसरा जातो आणि मुले गेली की म्हातारी माणसे मागे राहत नाहीत, हे तिसरे. गावातील घरे कमी झाली की प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनासे होतात आणि मग उरलेल्यांनाही गाव परके वाटू लागते, हे कदाचित सर्वांत बळकट कारण असावे.

निघण्यापूर्वी या घरांतून जो विधी होई तो वल्हांडणाचा नव्हता. तो मलिद्याचा होता. मलिदा ही बेने इस्रायल समाजाची स्वतःची, अन्य ज्यूंत न आढळणारी प्रथा आहे. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची व सुकामेवा एकत्र करून त्याचे ताट मांडतात, भोवती फळे ठेवतात, सुवासिक पानफुले ठेवतात आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्मरण करून प्रार्थना म्हणतात. लग्न ठरले, नवस फेडावयाचा असला, नवे घर घेतले, आजारातून कोणी उठले किंवा कोणी दूर जावयास निघाले की मलिदा होतो. एलियाहू अग्निरथातून स्वर्गात गेला, अशी बायबलातील कथा आहे. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावर त्याच रथाच्या घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत, अशी या समाजाची श्रद्धा असून तेथे लोक नवस फेडण्यास जातात. निर्गमनाच्या रात्रीची पंगत उभ्याने, काठी हातात धरून आणि घाईने उरकलेली. मलिद्याची पंगत मांडी घालून, शेजारीपाजाऱ्यांना प्रसाद वाटीत चालणारी. एक पंगत परत न येण्यासाठी होती. दुसरीत परत येण्याच्या नवसाला जागा होती.

पुढची वाट सोपी नव्हती. वाळवंटाच्या कडेला वसविलेल्या बीरशेबा, दिमोना यांसारख्या गावांत किंवा लोद, रामला, अशदोद येथे या लोकांना घरे मिळाली. भाषा नवी, कामे अंगमेहनतीची आणि वागणुकीत काही ठिकाणी वर्णावरून दुजाभाव. १९५१-५२ मध्ये त्यांच्यापैकी काही कुटुंबांनी तेल अवीव येथे धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोक परतले. त्यांतील बरेच जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले. कारण ज्या घरातून ते निघाले होते ते घर आता पूर्वीचे राहिले नव्हते. याहून मोठा आघात १९६० नंतर झाला. तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायल वधूवरांच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा निर्बंध घातला. शतकानुशतके शेजाऱ्यांनी ज्यांना शनिवार पाळणारे म्हणून ओळखले, त्यांनाच आपल्या देशात आपले ज्यूपण सिद्ध करावे लागले. समाजाने निदर्शने केली, उपोषणे केली. अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे घोषित केले आणि धर्मपीठाला तो निर्बंध बदलावा लागला.

आज भारतातील ज्यूंची संख्या पाच हजारांहून कमी आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. अलिबागच्या इस्रायल आळीत प्रार्थनामंदिर उभे आहे, पण आळीतील बहुतेक घरांत आता दुसरी माणसे राहतात. इस्रायलमध्ये मात्र या समाजाच्या वंशजांची संख्या कित्येक हजारांवर गेली आहे. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत आले. तेथील बेने इस्रायल घरांत लग्नाआधी मेंदीचा समारंभ होतो, मांसाच्या रश्श्याला नारळाचे दूध घातले जाते आणि शुभकार्याच्या वेळी मलिद्याचे ताट मांडले जाते. पोहे मिळण्याची तेथे आता अडचण नाही. जी प्रार्थना कोकणात म्हटली जात असे तीच म्हटली जाते. फरक इतकाच की, ती म्हणणाऱ्या वृद्धांना त्या वेळी जेरुसलेमची आठवण काढावी लागत नाही. आठवण येते ती नवगावच्या किनाऱ्याची.

निर्गमनाच्या रात्रीची आज्ञा होती की, सकाळपर्यंत काही उरवू नये. दास्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी ती आज्ञा योग्यच होती. ज्यांनी एका मैत्रीच्या भूमीचा निरोप घेतला, त्यांना ती पाळणे शक्य झाले नाही. त्यांच्या पंगतीतील पुष्कळ काही सकाळी उरले आणि ते त्यांनी जाळून टाकले नाही. आडनावात गाव, प्रार्थनेनंतरच्या ताटात पोहे आणि घरात बोलताना मराठी, अशी ती शिदोरी त्यांनी समुद्रापलीकडे नेली. तिसऱ्या-चौथ्या पिढीत ती किती पुरेल हे काळच ठरवील. परंतु वल्हांडणाच्या रात्री त्या घरांतील लहान मूल जेव्हा विचारते की, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, तेव्हा त्याला सांगण्यासारख्या निर्गमनाच्या कथा आता दोन आहेत. एक मिसर देशाची आणि दुसरी कोकणची.